दिवाळीच्या सुट्टीत रुआहा (टांझानिया): प्लॅनिंगसाठी मदत हवी आहे

सुप्रिया_ठाणे | १६ जून २०२४

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं. मी, नवरा, लेक तेरा वर्षांची आणि चिरंजीव नऊचे. ताडोबा, पेंच, कान्हा करून झालंय आणि आता एक एफडी मॅच्युअर होतेय तर आफ्रिका करूनच टाकू असं घरात ठरलंय. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने टांझानियातल्या रुआहाचे फोटो दाखवले, एका भल्यामोठ्या झाडाचं खोड हत्ती सोंडेने आणि सुळ्यांनी सोलतोय असा एक फोटो होता तो काही डोक्यातून जात नाहीये. पण इतक्या लांब जातोय तर सेरेंगेटी सोडवत नाही, आणि नवऱ्याला झांझिबारचा समुद्र हवाच आहे.

म्हणून कच्चा प्लॅन असा: भाऊबीज झाली की निघायचं, एकूण ११ दिवस. सेरेंगेटी २ रात्री, एनगोरोंगोरो १, रुआहा २, झांझिबार ३, बाकी प्रवास.

प्रश्न असे की नोव्हेंबर बरा का, मुलांना झेपेल का, आम्ही शाकाहारी (मी आणि लेक, बाकीचे दोघं बाहेर गेले की काहीही खातात) तर जंगलात काय खायचं, आणि मलेरियाचं काय. बजेट आठ लाखाच्या आत बसवायचंय. कोणी गेलंय का रुआहाला? नेटवर सगळं सेरेंगेटीचंच सापडतं.

दारवाला | १६ जून

आधी आयडीचा खुलासा, मी दार-एस-सलामला राहतो म्हणून दारवाला, लोक दुसरा अर्थ काढतात त्याला माझा इलाज नाही. चौदा वर्षं झाली इथे. रुआहा सहा वेळा झालंय, त्यातलं चारदा स्वतःच्या गाडीने.

सुप्रियाताई, राग मानू नका पण प्लॅन वाचून मामाच्या गावाला जाता जाता काशी उरकून येणाऱ्यांची आठवण झाली. एकदा नकाशा उघडा. सेरेंगेटी पार उत्तरेला केनियाच्या सीमेला टेकलंय आणि रुआहा देशाच्या मध्यावरून खाली, इरिंगा शहराच्या पश्चिमेला. रस्त्याने जोडायचं तर दोन दिवस नुसतं डांबर बघत बसायचं, विमानाने जोडायचं तर बारा सीटची छोटी विमानं, माणशी १५ किलो सामान तेही मऊ बॅगेत, आणि चार तिकिटांचे पैसे बघून एफडी विमानतळावरच संपेल. आणि रुआहाला २ रात्री म्हणजे पहिला दिवस पोचण्यात, शेवटचा निघण्यात, मधे एक दिवस. एका दिवसासाठी एवढं लांब कशाला?

उत्तर किंवा दक्षिण, एकच घ्या. दक्षिण घेतलीत तर असं करता येईल: दार, मग मिकुमी (वाटेतलं जंगल) एक रात्र, इरिंगा एक रात्र, रुआहा किमान चार रात्री, परत दार, उरलेले दिवस झांझिबार. मुंबईहून दारला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास.

नोव्हेंबरचं म्हणाल तर सुरुवातीचे दिवस चालतात. कोरडा मोसम जून ते ऑक्टोबर, पाऊस साधारण नोव्हेंबरच्या शेवटाला सुरू होतो. भाऊबीज ३ तारखेला आहे म्हणजे तुम्ही अगदी शेवटच्या कोरड्या दिवसांत पोचताय. उकाडा मरणाचा असेल पण पाणी सगळ्यात कमी तेव्हाच असतं, म्हणजे जनावर नदी सोडून कुठे जात नाही. दोनचार दिवस आधी पाऊस आला तर मात्र सगळं पांगतं. जुगार आहे पण वाईट नाही.

नागपुरी_तडका | १७ जून

ताई एक सांगू का, जायच्या आधी ताडोबाची सवय डोक्यातून काढून टाका बा. आमच्या इकडं गेट उघडलं का साऱ्या जिप्स्या एका वाघामागं धावतेत, वाघ नाही दिसला का लोक गाइडवर खेकसतेत. मी मागच्या साली रुआहाले गेलो होतो, सकाळी सहा साडेसहाले निघालो ते अकरापर्यंत दोनच गाड्या दिसल्या, त्यातली एक जंगल खात्याची. ना झोन ना टाइम स्लॉट. काऊन का जागाच तेवढी हाय, ताडोबाचा कोअर ६२५ चौरस किलोमीटर, हे वीस हजाराच्या आसपास.

पण त्याचा अर्थ असा बी होते का एखाद्या सकाळी तीन तास काहीच दिसत नाही. इम्पाला दिसते, जिराफ दिसते, अन् मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माह्या बायकोनं विचारलं, याच्यासाठी आलो का आपण? तिसऱ्या दिवशी सोळा सिंह म्हशीवर बसलेले पाह्यले, आमची एकटीच गाडी, दीड तास. म्हणून दारवाल्यांचं बरोबर हाय, दोन रात्रीत तुमाले ते "काहीच नाही" तेवढंच भेटन.

खडूस_काका | १७ जून

सिंहच बघायचे तर आपल्याकडे गीर आहे. आशियाई सिंह जगात दुसरीकडे कुठेही जंगलात नाहीत, ते बघायला लोक परदेशातून येतात आणि आपण आठ लाख घेऊन उलट दिशेने पळतोय. असो. पैसे तुमचे.

कोळसून | १७ जून

काका, गीरला रानकुत्रे दाखवा मग. :)

माझ्या आयडीवरून कळलं असेल मला कशाचं वेड आहे. आफ्रिकेतले रानकुत्रे म्हणजे आपल्या कोळसुनांचे लांबचे भाऊबंद, अंगावर काळेपांढरेपिवळे ठिपके, कान थाळीएवढे, त्यांना स्वाहिलीत म्ब्वा म्वितू म्हणतात, शब्दशः रानकुत्राच. रुआहा ही त्यांची फार महत्त्वाची जागा आहे. अजून एक गंमत म्हणजे पूर्व आफ्रिकेचं काटेरी बाभळीचं रान आणि दक्षिणेचं म्योंबोचं पानगळी रान ही दोन्ही इथे एकमेकांत शिरतात, त्यामुळे मोठा कुडू आणि छोटा कुडू दोन्ही एकाच जंगलात मिळतात, रोन आणि सेबल ही हरणंसुद्धा आहेत. पक्षी साडेपाचशेच्या वर. एका धनेशाला तर या जागेचंच नाव आहे, रुआहा धनेश. गेंडा मात्र नाही, कोणी एजंट "बिग फाइव्ह" (सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस, गेंडा) म्हणून रुआहा विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

डॉ_मेधा | १८ जून

तब्येतीचं मी लिहिते, बाकी प्रवासातलं मला कळत नाही.

मलेरिया हलक्यात घेऊ नका, तिकडचा फाल्सिपेरम आहे, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. प्रतिबंधक गोळ्या लागतातच. डॉक्सिसायक्लिन आपल्याकडे सहज मिळते, जायच्या एकदोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची, हे शेवटचे चार आठवडे लोक हमखास विसरतात. उन्हाने त्वचा पोळते या गोळीने आणि आठ वर्षांखाली देत नाहीत, तुमचा मुलगा नऊचा म्हणजे बसतो पण वजन बघून त्याच्या डॉक्टरांनीच डोस ठरवायचा. दुसरा पर्याय अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, तिकडून निघाल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पोटाला बरी, खिशाला नाही.

पिवळ्या तापाची लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जाणार असाल तर हा विषय आधीच संपवा. थेट विमान असलं तरी मी म्हणेन घेऊन टाका, दाखला जन्मभर चालतो.

आणि परत आल्यावर दोनतीन महिन्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "आम्ही आफ्रिकेतून आलोय" हे सांगायचं. नाहीतर इथे डेंग्यूच शोधत बसतात.

दारवाला | १८ जून

डॉक्टरांना +१००. आणि त्से त्से माशी राहिली. रुआहात म्योंबोच्या पट्ट्यात गेलात की गाडीत शिरतात, आपल्या घोडेमाशीसारख्या, पातळ कपड्यातूनही चावतात आणि चावलं की माणूस उडतो. डासांचं क्रीम त्यांना चटणीसारखं लागत असावं, काही उपयोग नाही. निळा आणि काळा रंग त्यांना ओढतो, झाडांना टांगलेले निळेकाळे फडके दिसतील ते त्यांचे सापळे असतात. तेव्हा जीन्स नकोत, खाकी-मातकट घाला. या माशीमुळे होणारा निद्रारोग पर्यटकांत फार क्वचित, घाबरू नका, पण माशा दिसल्या की काचा वर.

कपड्यांचं निघालंच आहे तर, लष्करी छापाचे कपडे अजिबात आणू नका, इथे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. मुलांच्या हाफपँटी बघा, त्या छापाची एखादी असतेच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर जून २०१९ पासून बंदी आहे, फराळाचे डबे स्टीलचे आणा. ड्रोन घरी ठेवा.

गोरखचिंच | १९ जून

सुप्रियाताई, तुमच्या फोटोतलं ते झाड म्हणजे माझा आयडी. :) बाओबाब. मराठीत गोरखचिंच. कोकण किनाऱ्याला, वसईला, मुंबईत थोडी आहेत आपल्याकडे, मूळची आफ्रिकेचीच, समुद्रावरून ये-जा करणाऱ्यांबरोबर शेकडो वर्षांपूर्वी आलेली. इकडे एखादं झाड असलं की गावात त्याची दंतकथा असते, तिकडे डोंगरच्या डोंगर त्यांनी भरलेले. इरिंगाच्या अलीकडे हमरस्त्यावरच त्यांची एक दरी लागते, ग्रेट रुआहा नदीच्या कडेने, तिथे गाडी थांबवाच.

हत्ती खोड सोलतो ते हौसेने नाही. कोरड्या दिवसांत त्या खोडाच्या आत ओलावा असतो, साल काढून आतला तंतूंचा गाभा चघळतात. काही झाडांना आरपार भोक पडलंय तरी उभी आहेत.

आता नदीचं पाणी कुठे गेलं त्याची गोष्ट. ग्रेट रुआहा पूर्वी बारमाही होती. १९९३ पासून कोरड्या मोसमात ती उद्यानातून वाहायची थांबते, काही वर्षी आठवडे, काही वर्षी महिने. वर उसांगूच्या मैदानात भातशेतीला पाणी वळवलं गेलं, दलदलीत गुरं वाढली. म्हणून २००८ साली उसांगूचा तो पाणथळ भाग उद्यानाला जोडला आणि रुआहाचं क्षेत्र एकदम दुप्पट झालं. तुम्ही नोव्हेंबरात जाल तेव्हा नदी म्हणजे डबकी असतील, डबक्यात पाणघोडे एकमेकांवर रेललेले, कडेला मगरी. बघायला "भारी" असतं असं लोक म्हणतात. मला ते बघताना बरं वाटलं नव्हतं एवढंच सांगतो.

खडूस_काका | १९ जून

आणि त्या मैदानातली माणसं कुठे गेली तेही लिहा ना. उद्यान दुप्पट झालं म्हणजे कोणाचं तरी शेत आणि कुरण गेलंच असणार.

गोरखचिंच | १९ जून

काका, मुद्दा रास्त आहे, मी तो टाळायला नको होता. उसांगूच्या बाजूला, म्बारालीत, गावं आणि उद्यानाची हद्द यावरून वाद आजही धुमसतोय. जागतिक बँकेने २०१७ साली दक्षिणेकडच्या उद्यानांच्या पर्यटनासाठी १५ कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला होता, लोकांना हुसकावल्याच्या आणि जंगल खात्याच्या माणसांनी मारहाण केल्याच्या तक्रारींनंतर यंदा एप्रिलमध्ये बँकेने त्याचे पैसे थांबवले. आणि हेही खरं की वर भात पिकवणारा शेतकरी काही खलनायक नाही, दारमधला आपला भात तिथूनच येतो. मेळघाट, कोयनेच्या विस्थापितांबद्दल ज्यांनी थोडं वाचलंय त्यांना यातलं काहीच नवीन नाही.

दारवाला | १९ जून

तीच नदी पुढे म्तेरा आणि किदातूच्या धरणांत जाते, तिथे वीज होते. नव्वदीच्या दशकात वर पाणी आटलं की दारमध्ये अंधार व्हायचा हे इथले जुने गुजराती दुकानदार अजून सांगतात. असो, धागा ताईंचा आहे, आपण भरकटलो.

सुप्रिया_ठाणे | २३ जून

अवांतर चालू द्या हो, मला आवडतंय. मुलीने तर काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि आता ती मलाच विचारतेय की आपण जावं की नाही. जाणार आहोत. पण तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

निर्णय: सेरेंगेटी रद्द. (नवरा दोन दिवस बोलला नाही.) पुढचे प्रश्न. रुआहात राहायचं कुठे, आतले लॉज बघितले तर माणशी एका रात्रीचे साडेतीनशे-चारशे डॉलर आणि पुढे! आणि गाडी की विमान?

दारवाला | २४ जून

राहायचे तीन प्रकार. एक, आतले तंबूवाले कॅम्प, जेवणखाण गाडी सगळं त्यातच, भाव तुम्ही बघितलाच. दोन, उद्यानाबाहेर तुंगामालेंगा गावात साधी लॉज, स्वस्त, पण रोज गेटपर्यंत येजा आणि सकाळचा सोन्यासारखा तास रस्त्यात जातो. तीन, तानापाच्या बांडा, म्हणजे साध्या झोपडीवजा खोल्या. तानापा म्हणजे इथलं राष्ट्रीय उद्यानांचं खातं, म्सेंबेला त्यांचं मुख्यालय आहे, तिथे नदीजवळ जुन्या पत्र्याच्या बांडा आणि टेकाडावर नवीन कॉटेजेस. आपल्या वनखात्याच्या विश्रामगृहाची आठवण होईल, नळाला कधी पाणी असतं कधी नसतं, पण दारात इम्पाला चरतात आणि रात्री हत्ती खिडकीपाशी येऊन झाडं मोडतात. स्वयंपाक करता येतो, शाकाहाराचा प्रश्न तिथेच सुटतो. मी म्हणेन दोन रात्री बांडात, दोन रात्री कॅम्पात. कॅम्पाच्या ओपन गाडीतून गाइडबरोबर बघणं ही वेगळीच गोष्ट आहे, ते पैसे वसूल होतात.

रात्री बांडाबाहेर टॉर्च मारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मुलांना एकटं बाथरूमला पाठवायचं नाही. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

प्रवेश फी परदेशी मोठ्या माणसाला २४ तासांना ३० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट, म्हणजे ३५.४०. मुलांना बरीच कमी, पाच वर्षांखाली फुकट. सेरेंगेटीला याच्या दुपटीहून जास्त पडते, म्हणजे नवऱ्याला सांगा वाचवलेत. गेटवर रोकड घेत नाहीत, कार्ड चालतं किंवा आधी कंट्रोल नंबर (सरकारी भरणा क्रमांक) काढून भरायचे. कार्डाचं मशीन अडलं की तासभर जातो म्हणून शक्यतो आधीच भरा.

गाडीने दार ते इरिंगा ५०० किलोमीटर, नऊ तास धरा कारण प्रत्येक गावात ५० ची मर्यादा आणि झाडामागे पांढऱ्या ड्रेसातला पोलीस, दंड ३० हजार शिलिंग. वाटेत हमरस्ताच मिकुमीच्या जंगलातून ५० किलोमीटर जातो, ट्रकच्या शेजारी हत्ती. इरिंगाहून पुढे तीन तास, मोठा भाग कच्चा, रस्त्याला पन्हाळीच्या पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या, दात खुळखुळतात. विमानाने अडीचेक तास पण चौघांचं जाऊनयेऊन बघा आणि मग ठरवा.

माझ्या मते गाडी, पण ड्रायव्हरसह. डावीकडून चालवतात म्हणून आपली माणसं स्वतः चालवायला बघतात, पहिल्याच खेपेला मुलांना घेऊन नको.

नागपुरी_तडका | २४ जून

गाडी ठरवतानी एक गोष्ट लिहून घ्या, अक्षरशः लिहून. छत उघडणारी गाडी, नंबर, दोन स्पेअर टायर. मी एका एजंटले अर्धे पैसे आगाऊ देल्ले, फोटोत मस्त उघड्या छताची लँड क्रुझर, अन् सकाळी हॉटेलसमोर बंद छताची दुसरीच उभी. विचारलं तं म्हणे ती गाडी आजारी हाय. चार दिवस मान खिडकीतून बाहेर काढून पाह्यलं.

मीनल_नैरोबी | २६ जून

खाण्याचं मी सांगते, आठ वर्षं पूर्व आफ्रिकेत काढलीत. शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. माहारागे म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची नारळाच्या रसातली उसळ, म्चिचा म्हणजे चक्क आपला माठ, चपाती तर चपातीच म्हणतात (थोडी जाड, पराठ्यासारखी), उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उकड खाणाऱ्या माणसाला आवडते. हॉटेलात "न्यामा हापाना" म्हणायचं, मांस नको. तरी विचारून घ्यायचं, कारण चिकनला बरेच जण न्यामा धरत नाहीत.

भाषेची मजा मुलांना सांगा. गाडीला गारी, दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, विम्याला बीमा, रंगाला रांगी, बंदराला बंदारी, लाखाला लाकी. एका लाकीची नोट नाही पण बाजारात लाकी लाकी चालूच असतं.

सुप्रिया_ठाणे | ११ ऑगस्ट

अपडेट. मुंबई-दार तिकिटं काढली, ४ तारखेच्या रात्री निघतोय. व्हिसा ऑनलाइन, माणशी ५० डॉलर. बांडा दोन रात्री, कॅम्प दोन रात्री बुक. ड्रायव्हरसह गाडी, छत उघडणारी, लेखी घेतलंय नागपुरीदादा. चालत जायची सफारी विचारली तर बारा वर्षांखाली नेत नाहीत, म्हणजे मी आणि लेक जाणार, चिरंजीव फुगून बसलेत.

दारवाला | १२ ऑगस्ट

झकास. एक नवीन गोष्ट, दार ते मोरोगोरो नवी विजेवरची रेल्वे जूनमध्ये सुरू झाली, आता जुलैअखेरीपासून दोदोमापर्यंतही धावते. मोरोगोरोला पावणेदोन तासात पोचते. दारच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडायलाच गाडीला दोन तास लागतात, तर गाडी आदल्या दिवशी पुढे पाठवा आणि तुम्ही रेल्वेने जा. पोरं खूश होतील. आणि विम्यात विमानाने उचलून न्यायची सोय आहे का बघा, जंगलात काही झालं तर तोच एक उपाय. अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं थोड्या दिवसांचं कव्हर मिळतं, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून येतात.

दारवाला | २८ सप्टेंबर

ताई, झांझिबारचा नवीन नियम. १ ऑक्टोबरपासून परदेशी पाहुण्यांना तिथला सरकारी विमा सक्तीचा, माणशी ४४ डॉलर. तुमचा भारतातला विमा असला तरी. आधी ऑनलाइन काढा.

सुप्रिया_ठाणे | २८ सप्टेंबर

हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला समुद्र अलिबागलाही आहे. :) पण जातोय, दोन रात्री.

सुप्रिया_ठाणे | २२ नोव्हेंबर

आलो! उशीर झाला लिहायला, आल्या आल्या मतदान, शाळा, कपड्यांचे ढीग. नीट प्रवासवर्णन नंतर कधीतरी, पण इथे ज्यांनी एवढं सांगितलं त्यांच्यासाठी मोकळं मोकळं लिहिते.

पहिला गोंधळ घड्याळाचा, हा तुम्ही कुणीच सांगितला नव्हता! मोरोगोरोला ड्रायव्हर म्हणाला उद्या सा मोजा निघू. नवऱ्याने मोबाइलवर बघितलं, मोजा म्हणजे एक. मग आम्ही निवांत, दुपारी एकला निघायचंय म्हणून. सकाळी सातला तो दारात हजर आणि आम्ही अंथरुणात. इथे दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, सात वाजता "एक" वाजतो. खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा त्यांचं शहाणपणाचं आहे.

इरिंगाला सकाळी चक्क थंडी होती, उंचावर आहे ते गाव, आणि तीन तासांनी गेटवर भट्टी. पूल ओलांडताना खाली पाणघोडे. मुलाने मोजले, एकतीस.

नागपुरीदादा, तुमचं "काहीच नाही" आम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं. दुपारी साडेतीन ते सहा इम्पाला, डुकरं, धूळ आणि त्से त्से. मुलाच्या मानेवर चावली, त्याने जो आवाज काढला त्याने उरलेली जनावरंही पळाली असतील. त्याच्या बॅगेला निळा पट्टा होता, तो मी सोडून सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता आणि मी पॅक करताना "एवढ्याशाने काय होतंय" म्हटलेलं.

ज्यासाठी गेले ते मात्र म्वागुसी नदीत दिसलं. नदी म्हणजे नुसती वाळू, रुंद. सकाळी सातच्या सुमाराला हत्तींचा कळप उतरला, चौदा. एक म्हातारी हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरायला लागली, मग सोंडेने बाजूला सारायची, परत पाय. वीसेक मिनिटं. खड्ड्यात पाणी झिरपलं तसं आधी तिने गढूळ पाणी सोंडेत ओढून बाजूला उडवून दिलं, आणि मग स्वच्छ आलं ते प्यायली. आमच्याकडे विहिरीला नवीन पाणी लागलं की पहिलं उपसून टाकतात ना, अगदी तसं. तिचं होईपर्यंत बाकीचे थांबले, एक पिल्लू मधेच सोंड घालायला बघत होतं त्याला तिने कोपराने ढकलल्यासारखं ढकललं. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं आणि दीड तास कुणी काही बोललं नाही, आमच्या घरात हे होत नाही. त्या कळपात मोठ्या सुळ्यांची जनावरं फार नव्हती. कॅम्पातल्या गाइडला विचारलं तर म्हणाला मोठ्या सुळ्यांचे आधी गेले. नंतर वाचलं, टांझानियात २००९ साली १ लाख ९ हजार हत्ती होते, २०१४ च्या मोजणीत ४३ हजार.

रानकुत्रे नाही दिसले, सॉरी कोळसून. जिराफांच्या पुढच्या पायांवर चट्टे दिसले, आम्हाला वाटलं सिंहाने ओरबाडलंय, गाइड म्हणाला त्वचेचा आजार आहे, इथल्या पुष्कळ जिराफांना असतो. सिंह तीनदा, त्यातले दोनदा झोपलेले.

बांडातली दुसरी रात्र विसरणार नाही. पाणी गेलं, मी बादलीत भरून ठेवलेलं बाहेर राहिलं, मध्यरात्री घोट घोट आवाज. खिडकीतून बघितलं तर काळा डोंगर. सकाळी बादली चपटी. खात्याच्या माणसाने हसत हसत दुसरी दिली आणि सांगितलं पाणी बाहेर ठेवायचं नसतं. हे गोरखचिंच यांच्या नदीच्या गोष्टीशी जोडून घ्या.

काका, तुमच्या प्रश्नाचं. येताना तुंगामालेंगाला चहाला थांबलो तेव्हा लेकीने टपरीवाल्या बाईंना ड्रायव्हरमार्फत विचारलं की जंगल शेजारी असल्याचा त्रास होतो का. बाई म्हणाल्या हत्तींनी मका खाल्ला की भरपाईला फार वेळ लागतो, पण मुलगा कॅम्पात स्वयंपाकी आहे. आणि मग लेकीला विचारलं, तुमच्याकडे हत्ती शेतात शिरले तर काय करता? तिला उत्तर आलं नाही, मलाही नाही. ठाण्यात आमच्या बिल्डिंगमागे बिबट्या येतो एवढंच सांगितलं.

खर्च चौघांचा मिळून सव्वासात लाखाच्या आसपास, विमान धरून. कॅम्पाच्या दोन रात्रींनीच त्यातले बरेचसे खाल्ले. डॉक्सी अजून चालू आहे, डॉक्टर. कॅलेंडरवर फुल्या मारतोय.

खडूस_काका | २२ नोव्हेंबर

बाईंचं उत्तर आवडलं. भरपाई आपल्याकडेही तशीच मिळते, तिला कळवा.

कोळसून | २३ नोव्हेंबर

सॉरी कशाला, परत जायला कारण राहिलं. सुंदर लिहिलंय, ते वाळूचं फोटोसकट वेगळ्या धाग्यात येऊ दे.

अमृता_सातारा | ९ डिसेंबर

सगळा धागा एका बैठकीत वाचला, वाखू (वाचनखूण) साठवली. आम्हाला मुलाच्या परीक्षेनंतर एप्रिल-मेमध्येच जमण्यासारखं आहे. मुलगा सात वर्षांचा. जाऊ का?

दारवाला | ९ डिसेंबर

एप्रिल नको. पावसाचा शेवट असतो, गवत गाडीच्या टपापर्यंत, नदीकाठचे रस्ते चिखलात, काही कॅम्प बंदच असतात. मेच्या अखेरीला जमलं तर बघा, हिरवं असतं, पक्षी भरपूर, भाव कमी, पण जनावर शोधावं लागेल. आणि सात वर्षांच्याला डॉक्सी चालत नाही, वर डॉ. मेधांनी लिहिलंय, आधी त्यांच्याशी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बोला.